आफ्रिकेतील अल्पपरिचित सूक्ष्मपतंगाचे वर्णन करताना

आफ्रिकेतील पतंगांच्या वर्गीकरणाकडे वळणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना नवी जाती शोधायची असते. ही इच्छा रास्तच आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेतील सूक्ष्मपतंगांवर काम करताना माझा बराचसा वेळ आधीच नाव मिळालेल्या जातींची ओळख पक्की करण्यात गेला, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

या प्रदेशातील सूक्ष्मपतंगांचा अभ्यास एडवर्ड मेरिक यांना टाळून करता येत नाही. इंग्लंडमधील मार्लबरो येथे शिक्षक असलेल्या मेरिक यांनी जगभरातून येणाऱ्या नमुन्यांवरून हजारो जातींची वर्णने केली. प्रिटोरियाचे ए. जे. टी. यान्से यांनी त्यांना दक्षिण आफ्रिकेतील पतंग पाठवले, त्यामुळे मूळ नमुने काही लंडनच्या तर काही प्रिटोरियाच्या संग्रहालयात आहेत. मेरिक यांचे वर्णन नेमके पण त्रोटक असते: पंखविस्तार, डोके, वक्ष, पुढच्या पंखांचे रंग व ठिपके, आणि शेवटी ठिकाण व महिना. जननेंद्रियांची रचना त्यांनी विचारात घेतली नाही. त्यांनी 1913 मध्ये वर्णिलेला ‘ल्युकोट्रेटा’ हा पतंग आज थॉमॅटोटिबिया या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आहे आणि संत्रावर्गीय फळांवरील कीड म्हणून त्यावर विपुल लेखन झाले आहे. त्याच काळात नाव मिळालेल्या कित्येक जातींबद्दल मात्र त्या मूळ ओळींपलीकडे फारसे काही सापडत नाही. जीनस बदलल्यावर मूळ लेखकाचे नाव कंसात लिहितात, म्हणून यादीत कंस दिसला की मूळ वर्णन दुसऱ्या जीनसखाली शोधावे. अशी वर्णने वाचण्याचा सराव आपल्याकडेही करता येतो, कारण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1905 पासून मेरिक यांची भारतीय सूक्ष्मपतंगांवरील लेखमाला प्रसिद्ध झाली आहे.

वर्णन वाचून झाले की मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहावाच लागतो. छायाचित्रावर काम भागेल असे सुरुवातीला वाटते. पण तपकिरी पंखांवर दोन फिकट ठिपके असलेले पतंग एकमेकांपासून वेगळे ठरतात ते बहुधा जननेंद्रियांवरूनच. त्यासाठी पोटाचा भाग अलगद काढून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ होऊ देतात, मऊ कुंचल्याने खवले आणि चरबी काढतात, रंग देतात आणि स्लाइड तयार करतात. नरात व्हाल्वा (मादीला धरणाऱ्या पट्ट्या), अंकस (टोकाचा आकडा) आणि एडिॲगस (शिश्न) यांचे आकार, तर मादीत बर्सा ही शुक्राणू स्वीकारणारी पिशवी आणि तिच्या भिंतीवरील सिग्नम हा कठीण भाग पाहायचे असतात. द्रावणात नमुना किती वेळ ठेवायचा हे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच्या आकारावरून ठरवावे, आणि शंभर वर्षांच्या टाइपला हात लावण्यापूर्वी त्याच कुळातील सामान्य नमुन्यांवर हात बसवून घ्यावा. स्लाइडचा क्रमांक पतंगाच्या टाचणीवरील लेबलावर त्याच दिवशी लिहावा. ती जोडी तुटली तर दोन्ही वस्तूंचा उपयोग जवळजवळ संपतो. जे. एफ. गेट्स क्लार्क यांनी 1955 पासून 8 खंडांत मेरिक यांच्या लंडनमधील अनेक टाइपची चित्रे प्रसिद्ध केली, म्हणून टाइप मागवण्यापूर्वी ते खंड चाळावेत.

जाती ओळखण्यासाठी वापरला जाणारा डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा, ताज्या नमुन्याच्या एका पायातून मिळू शकतो. मात्र जुन्या टाइपमधील डीएनए तुकड्यातुकड्यांत मिळतो, त्यामुळे नुसता बारकोड वेगळा आला म्हणून जाती नवी ठरत नाही.

इतके करूनही नमुना कोणत्याच नावात बसला नाही, तर प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते. 1999 नंतरच्या नव्या जातीसाठी होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधले जाते तो एकमेव नमुना (किंवा सिंटाइप, म्हणजे अशा नमुन्यांचा संच), स्पष्ट सांगावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल तेही लिहावे लागते. शोधनिबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत त्याची नोंदणी आवश्यक असते. मजकुरातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद म्हणजे निदान, म्हणजे ही जाती इतरांपासून कशी ओळखायची ते सांगणारा भाग, आणि त्यात सर्वांत जवळच्या जातीशी थेट तुलना हवी. ‘सुंदर’, ‘ठळक’ अशा विशेषणांचा तिथे उपयोग नाही. संकलनाचे आणि निर्यातीचे परवाने असतील तरच काम पुढे न्यावे.

हाती एकच झिजलेली मादी असेल, तर मी तिला नाव देत नाही. तिची स्लाइड आणि छायाचित्रे करून तिला संग्रहात ठेवते आणि त्याच ठिकाणचा नर मिळेपर्यंत थांबते.