उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते? आधी या चुका टाळा

‘चक्कर येते’ एवढंच सांगून रुग्ण थांबला, की निम्मं निदान तिथेच चुकतं. मराठीत चक्कर हा शब्द दोन अगदी वेगळ्या त्रासांना लागतो. एकात घर गरगर फिरतंय असं वाटतं. दुसऱ्यात उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत दडे बसतात, पाय गळून जातात. पहिला त्रास बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागातून येतो, दुसरा रक्तदाबातून. सोलापुरात आणखी एक गुंता आहे. इथल्या कितीतरी घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, आणि दोन्हीकडे रोजच्या बोलण्यात या त्रासाला ‘डोकं फिरतंय’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. आजी तेच मराठीत सांगतात, ऐकणारा ‘गरगरतंय’ असं समजतो आणि कानाच्या गोळ्या सुरू होतात.

म्हणून डॉक्टरांना प्रसंग सांगा. कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना गरगरतं का? की उठून उभं राहिल्यावर अंधारी येते आणि बसलं, आडवं झालं की मिनिटभरात ओसरते? हे दुसरं असेल तर स्वायत्त मज्जासंस्थेकडे, म्हणजे दाब आणि ठोके आपोआप सांभाळणाऱ्या नसांकडे, बघायला हवं.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे संवेदक असतात. ते मेंदूच्या तळाशी खबर देतात, तिथून रक्तवाहिन्या आवळण्याचा आणि ठोके वाढवण्याचा हुकूम सुटतो आणि काही सेकंदांत दाब सावरतो. जुना मधुमेह, पार्किन्सन, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी (मेंदूचे अनेक भाग झिजवणारा आजार), अमायलॉयडोसिस (अवयवांत विकृत प्रथिनं साठण्याचा आजार) किंवा बी-१२ ची कमतरता या नसांना इजा करते, मग हुकूम पोचतच नाही. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभं राहण्याने होणारा कमी रक्तदाब म्हणतात.

बसवून बीपी मोजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक

खुर्चीत बसवून मोजलं, १३०/८० आलं, ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवलं. यात आजार सापडणारच नाही, कारण तो उभं राहिल्यावर होतो. दंडाला पट्टा लावायचं साधं मशीन घरी असेल तर ही तपासणी घरीही होते. मनगटाचं मशीन इथे नको, हाताच्या उंचीने त्याचा आकडा फार बदलतो.

रुग्णाला ५ मिनिटं पूर्ण आडवं निजवा, बोलू देऊ नका. दाब आणि नाडी दोन्ही लिहा. मग उभं करा आणि १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. तरुण रुग्ण असेल, छातीत धडधडत असेल तर ५ आणि १० मिनिटांनीही मोजा. उभं असताना हात खाली लोंबकळत ठेवू नका. लोंबकळत्या हातात दाब खोटाच जास्त दिसतो आणि उतार झाकला जातो. कोपर धरून दंड छातीच्या मध्याइतका वर आधाराने ठेवा. शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची असल्याशिवाय हे करायचं नाही. अंधारी आली की लगेच बसवा.

दाब लिहून नाडी सोडून देतात, तिथे अर्धी माहिती वाया जाते. समजा निजून १४२/८४, नाडी ७२. उभं राहिल्यावर ११२/७०, नाडी ७६. दाब ३० ने पडला आणि नाडी जेमतेम ४ ने वाढली. दाब पडूनही हृदयाला खबर लागलेली नाही, म्हणजे बिघाड नसांत असण्याची दाट शक्यता. १९२५ मध्ये ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या अमेरिकी डॉक्टरांनी या विकाराचे तीन रुग्ण पहिल्यांदा नीट वर्णन केले, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत भरली ती ही न हलणारी नाडी. आता दुसरा माणूस घ्या: निजून ११८/७४, नाडी ८४, उभं राहून ९६/६६, नाडी ११२. इथे नसा धावपळ करतायत, पण नळात पाणीच कमी आहे. जुलाब, उन्हात सुकणं, रक्तक्षय, आतला रक्तस्राव शोधा. ढोबळ हिशेब असा: नाडीतली वाढ भागिले वरच्या दाबातला उतार. उत्तर अर्ध्याहून कमी आलं तर नसांकडे बोट जातं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारख्या ठोके मंदावणाऱ्या गोळ्या, पेसमेकर किंवा अनियमित ठोके असतील तर हा हिशेब लावू नये.

तिसरा प्रकार तरुण मुलींत जास्त दिसतो. दाब पडत नाही, पण १० मिनिटांच्या आत नाडी ३० ने, १२ ते १९ वयात ४० ने वाढते, आणि धडधड, थकवा, अंधारी किमान ३ महिने चालू असते. याला ‘पॉट्स’ (पॉश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम) म्हणतात. हे नाव १९९३ पासून आहे. या मुलींना ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. मोजायला १५ मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत. त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र बघून घ्यावं.

मानेच्या मणक्यावर खापर

उभं राहिलं की मान आणि दोन्ही खांदे दुखतात, निजलं की थांबतात. ही वेदना शर्टाचा हँगर खांद्यावर ठेवावा तशा आकारात येते. दाब पडल्यावर तिथल्या स्नायूंना रक्त पुरत नाही म्हणून हे दुखतं. पण पन्नाशीपुढच्या जवळपास कुणाचाही एक्स-रे काढला तर मणक्यात झीज दिसतेच; मग पट्टा लागतो आणि अंधारी तशीच राहते. दुखणं उभं राहण्याशी बांधलेलं आहे का, हा एकच प्रश्न विचारला तर पुष्कळ फेऱ्या वाचतात.

‘चक्करची गोळी’ महिनोन्‌महिने

प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन या गोळ्या कानातून येणाऱ्या गरगरण्यावर थोडे दिवस घ्यायच्या असतात. दाब पडणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. उलट प्रोक्लोरपेराझिनने उभं राहिल्यावरचा दाब आणखी पडू शकतो, आणि दोन्ही गोळ्या वयस्कांत फार काळ घेतल्या तर हात थरथरणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं आणतात. त्याच वेळी पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या कुणी पाहत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, बीपीसाठी प्राझोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीदुखीसाठी नायट्रेट, नसांच्या जळजळीसाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनची लेव्होडोपा, मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन. यांतल्या कुठल्याही गोळीने हा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. सगळ्या पाकिटांसकट जा. मात्र बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. वेळ किंवा प्रकार बदलूनही पुष्कळदा काम होतं, आणि तो बदल डॉक्टरांनीच करायचा आहे.

साखरपाणी, सलाइन आणि मीठ

मधुमेही माणसाला भोवळ आली की घरचे साखरपाणी पाजतात. साखर खरंच ७० च्या खाली असेल तर ते जीव वाचवतं, म्हणून शक्य असेल तर ग्लुकोमीटरवर आधी बघा. मशीन जवळ नसेल आणि घाम, कापरं, गोंधळ असेल तर वाट न पाहता साखर द्या. पण साखर ठीक असताना, बिघाड नसांत असेल, तर गोड पेयाने रक्त आतड्याकडे ओढलं जातं आणि दाब आणखी उतरतो. अशा वेळी उपयोगी पडतं साधं पाणी. दोन मोठे ग्लास, म्हणजे साधारण ४८० मिली, तीन-चार मिनिटांत पिऊन टाकायचं. ५ मिनिटांत दाब चढू लागतो, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि साधारण तासभर टिकतो. सकाळी पलंगावरच हे पाणी प्यावं आणि मग उठावं. यात मीठ घालू नका, त्याने हा परिणाम कमी होतो. झोपण्याआधीच्या तासात हा प्रयोग नको.

सलाइनची बाटली लावून घेतली की दिवसभर बरं वाटतं, म्हणून दर आठवड्याला लावणारे आहेत. ते पाणी लघवीवाटे निघून जातं आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. दिवसाला २ ते २.५ लिटर पाणी आणि जेवणातलं धरून ६ ते १० ग्रॅम मीठ, हे बहुतेकांना पुरतं. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे ५ ते ६ ग्रॅम. शेंगाचटणी, लोणचं, पापड, ताक हे रोजचंच असेल तर तेवढं मीठ पोटात जातही असेल. खात्री करायची तर २४ तासांच्या लघवीतलं सोडियम तपासतात. १७० मिलिमोलच्या वर असेल तर मीठ पुरेसं आहे. हृदय कमजोर, किडनीचा आजार किंवा निजल्यावर दाब जास्त असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ-पाणी वाढवू नये. आणि मेडिकलमधलं फळांच्या चवीचं गोड पाकीट म्हणजे ओआरएस नव्हे.

सपाट झोपणं

ही चूक फारसं कुणी सांगत नाही. या रुग्णांचा दाब उभं राहिल्यावर पडतो तसा सपाट निजल्यावर पुष्कळदा चढतो. चढलेल्या दाबाने किडनी रात्रभर मीठ-पाणी बाहेर टाकते, तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि सकाळी शरीर कोरडं पडतं. पहाटे अर्धवट झोपेत उठून संडासात उकिडवं बसायचं आणि तिथून झटकन उभं राहायचं, तिथेच माणूस पडतो. उपाय साधा आहे: पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली प्रत्येकी दोन विटा एकावर एक आडव्या ठेवा. १५ सेंटिमीटर उंची मिळते. नीट बसणारा ठोकळा असेल तर २० पर्यंत न्या. उशांचा ढीग चालत नाही, त्याने मान वाकते, धड सपाटच राहतं. जमिनीवर झोपणाऱ्यांनी जाड प्लायवूडची फळी एका टोकाला उचलून त्यावर गादी टाकावी. रात्रीची लघवी पलंगाशेजारी भांड्यात करावी.

सोलापूरचं ऊन, पंगत आणि बैठं काम

पारा ४२-४३ च्या पुढे गेला की त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब टिकत नाही. नसांच्या बिघाडात काहींना पायांना घामच येत नाही, मग अंगही तापतं. एप्रिल-मे मध्ये यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहून काम करणाऱ्याने गुडघे ताठ ठेवू नयेत. दर दहा मिनिटांनी टाचा २० वेळा उचलाव्यात, पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि ढुंगण ३० सेकंद आवळावं. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बायकांनी एकदम उठू नये. आधी पाय पसरून तळपाय पुढे-मागे २० वेळा, मग मुठी आवळून गुडघ्यावर, मग भिंतीचा आधार घेऊन उभं. उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही, दहापर्यंत मोजायचं. कढत पाण्याने अंघोळ टाळा, स्टुलावर बसून करा.

पोटभर भात आणि गोड खाऊन पंगतीतून उठताना पडणं हाही याच आजाराचा भाग असतो. जेवणानंतर दोन तासांपर्यंत दाब उतरलेला राहू शकतो. दिवसाचं जेवण पाच-सहा वेळा थोडं थोडं खा, भात-गोड कमी करा, जेवणाआधी पाणी प्या, नंतर अर्धा तास पाय वर करून आराम करा.

गुडघ्यापर्यंतचे मोजे घेऊन निराश होणारे पुष्कळ आहेत. रक्त पोटातही साठतं, त्यामुळे मोजे कमरेपर्यंतचे, पाऱ्याच्या ३० ते ४० मिमी दाबाचे हवेत. उन्हाळ्यात ते असह्य होतात. मग पोटाचा रुंद पट्टा उठण्याआधी निजूनच बांधा आणि झोपताना सोडा. निम्मं काम त्याने होतं.

गोळ्या लागल्याच तर

रक्तवाहिन्या आवळणारी मिडोड्रिन २.५ मिग्रॅपासून दिवसातून तीनदा सुरू करतात. शेवटची गोळी निजण्याच्या किमान ४ तास आधी घ्यायची. दुपारी गोळी घेऊन आडवं होणं धोक्याचं, दाब भलताच चढतो. डोक्यात मुंग्या आणि अंगावर काटा येणं अपेक्षित आहे; लघवी अडली तर मात्र लगेच कळवा. शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन बहुधा ०.१ मिग्रॅ देतात, गुण यायला आठवडा जातो. ‘दोन दिवसांत फरक नाही’ म्हणून सोडू नका. पोटॅशियम मात्र वेळोवेळी तपासा. पॉट्समध्ये गोळ्यांइतकाच बसून किंवा निजून केलेला व्यायाम महत्त्वाचा: टेकून चालवायची सायकल, पोहणं, आठवड्यात तीनदा, महिनोन्‌महिने. पहिले दोन-तीन आठवडे थकवा वाढतो आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

भोवळ आलेल्याला उभं धरणं

पंढरपूरच्या दर्शनबारीत किंवा एसटीच्या गर्दीत कुणाला अंधारी आली की दोघे जण बगलेत हात घालून त्याला उभं धरतात, तिसरा कांदा हुंगवतो. उभं धरल्याने मेंदूला रक्त आणखी कमी मिळतं. जमिनीवर आडवं करा, पाय एखाद्या पिशवीवर फूटभर उंच ठेवा, शुद्ध पूर्ण आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. शुद्ध आली तरी पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग बसवा, मग उभं करा.

छातीत दुखतंय, पळताना किंवा जिना चढताना शुद्ध गेली, शौच डांबरासारखी काळी आहे, बोलणं अडखळतंय, एक हात-पाय लुळा पडलाय किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, यातलं एकही असेल तर हे घरचे उपाय बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.