माती उन्हात तापवून तण आणि मर रोगांचा बंदोबस्त

सौरीकरण म्हणजे ओली माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाकून उन्हात तापवणे. ते फसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कोरडी माती. ओलीतून उष्णता खोलवर जाते आणि पाणी प्यालेले तणांचे बी, बुरशीचे बीजाणू लवकर मरतात. तेच कोरडे असले की कडक उन्हातही तग धरतात.

वर्षातले सर्वाधिक तापाचे 4 ते 6 आठवडे निवडा. आधीच्या पिकाची धसकटे वेचा, ढेकळे फोडा, चांगले कुजलेले शेणखत मिसळा आणि गादीवाफे आत्ताच बांधा, कारण नंतर माती उकरायची नाही. वाफ्याच्या कडा नेहमीच कमी तापतात, म्हणून रुंदी 75 सेंमीपेक्षा कमी नको. ठिबकच्या नळ्या अंथरून 30 सेंमीपर्यंत ओल जाईल इतके पाणी द्या. वाफसा येताच, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहताच, प्लॅस्टिकने झाका.

प्लॅस्टिक पारदर्शकच हवे, 25 ते 50 मायक्रॉनचे. काळ्या मल्चिंग पेपरखाली पेपरच तापतो, माती तेवढी तापत नाही. पातळ प्लॅस्टिकखाली माती जास्त तापते, पण वाऱ्याच्या जागी ते फाटते; तिथे जाड घ्या. ते मातीला घट्ट चिकटवून ताणा, कडा 15 सेंमी खोल चरात गाडा. खाली पोकळी राहिली की तापमान घसरते. भोक पडले तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. आतून पाण्याचे बारीक थेंब दिसत राहिले पाहिजेत. ते आटले तर ठिबक सुरू करा. भर दुपारी 5 सेंमी खोलीवर 45 ते 50 अंश सेल्सिअस मिळाले, तर काम नीट चालले आहे.

रोपे कोलमडवणारी पिथियम बुरशी, व्हर्टिसिलियम बुरशीमुळे झाड वाळवणारी मर आणि बियांपासून उगवणारी बहुतेक वर्षायू तणे याने आटोक्यात येतात. सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) मात्र फक्त वरच्या थरातले मरतात. खोलवरचे पुन्हा वर सरकतात, त्यामुळे फायदा उथळ मुळांच्या पिकालाच आणि तोही थोड्या काळापुरता. लव्हाळ्यावर भिस्त ठेवू नका. त्याच्या गाठी खोलवर जगतात आणि टोकदार कोंब प्लॅस्टिक भोसकून बाहेर येतात. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा आधीच खणून काढाव्या लागतात.

प्लॅस्टिक काढल्यावर 5 सेंमीपेक्षा खोल माती हलवू नका, नाहीतर खालचे जिवंत बी वर येईल. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळलेले खत याच वेळी द्या: मोकळ्या झालेल्या मातीत जो सूक्ष्मजीव आधी शिरतो तोच फोफावतो. त्यामुळे रोगट रोप किंवा न धुतलेले खुरपे त्या वाफ्यात जाऊ देऊ नका.