एक रान, एक वर्ष : शहरातल्या पोरांना कोल्हापूरची शेती कशी दाखवावी

कोल्हापुरातल्या कुठल्याही शाळकरी पोराला पंचगंगेची धोका पातळी विचारा, ४३ फूट हे उत्तर तयार असतं. इशारा पातळी ३९ फूट, हेही पाठ. पण ही पातळी जिथं मोजतात तो राजाराम बंधारा मुळात बांधला कशासाठी, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, अडलेलं पाणी पंपानं उचलून रानाला द्यायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर बरगे काढून घ्यायचे. या पद्धतीला तर आपल्याच गावाचं नाव आहे : कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पुराच्या बातम्यांत आपण तो रोज ऐकतो, पण उसाशी त्याचं नातं कुणी सांगितलेलं नसतं.

हे भरून काढायला शाळा आणि मंडळं सहल काढतात. बस मळ्यात थांबते, पोरं ऊस खातात, झुणका-भाकरी होते, फोटो निघतात, संध्याकाळी परत. मजा येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेती वर्षभर चालते आणि तिला हिशेब असतो, आणि एका दिवसात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून पाच ठिकाणं बघण्यापेक्षा एकच रान धरा आणि तिथं वर्षभरात तीन-चारदा जा. ते कसं जमवायचं, ते पुढं सांगतो.

आधी पीक ठरवा

सगळी शेती दाखवायला गेलात तर काहीच दाखवून होणार नाही. शहरातल्या गटानं ऊस आणि गूळ घ्यावा, कारण रान, गुऱ्हाळ आणि बाजार ही तिन्ही टोकं थोड्या अंतरात सापडतात. शिवाय कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा विषय आपल्या घरचाच. गटातल्या कुणाचे पाहुणे गगनबावडा किंवा राधानगरीकडं असतील तर भात घ्या, आजऱ्याकडं असतील तर तिथला घनसाळ तांदूळ. शिरोळला भाजीपाला, गडहिंग्लजला भुईमूग आणि मिरची. पीक कोणतंही चालेल, फक्त वर्षाच्या मध्यात बदलू नका.

रान कसं मिळवायचं

ओळखीतूनच. कोल्हापुरात ज्याच्या घरचं कुणीच शेतात नाही असं कुटुंब शोधावं लागेल. तालमीत, वर्गात, सोसायटीत नुसतं विचारून बघा, कुणाचा तरी मामा नाहीतर चुलता निघतोच. नाही निघाला तर जवळच्या गावातल्या दूध संस्थेत सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी जाऊन बसा, अर्धं गाव तिथं भेटतं.

मोठा बागायतदार शोधू नका. एकर-दीड एकरवाला शेतकरी बरा. त्याच्या रानात सगळी कामं डोळ्यांसमोर होतात आणि निर्णय घेणारा माणूसही समोरच असतो. बोलणी करताना पैशाचा विषय संकोच न करता काढा. आपण गेलो की त्याचा अर्धा दिवस जातो, तेवढ्या मजुरीइतकी रक्कम तरी दर फेरीला द्यावी. 'नको नको, पोरं आमचीच की' असं ते म्हणतील, तरी द्या. आणि घरातल्या वैनींनाही बोलण्यात सामील करून घ्या. भांगलण (तण काढणं), जनावरं, दूध यांचं खरं गणित बऱ्याचदा त्यांच्याकडंच असतं, पण पाहुण्यांसमोर पुरुषच बोलत राहतात.

जायच्या आधी एक दोरी

३३ फुटांची दोरी घ्या आणि मैदानावर ३३ बाय ३३ चा चौकोन आखा. हा एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. ही आखणी पोरांनी स्वतःच्या हातांनी केली की पुढं रानात 'वीस गुंठ्यांचा तुकडा' म्हटल्यावर त्यांना काहीतरी दिसतं.

कॉलेजच्या पोरांसाठी आणखी एक काम. शेतकऱ्याला विचारून त्याचा सातबारा वाचायला घ्या. नावं किती, त्यात बायकांची किती, क्षेत्र किती, पीक कोणतं लागलंय. ई-पीक पाहणी आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची असते आणि वयस्कर माणसांची तिथं अडचण होते. तेवढी नोंद शेजारी बसून करून दिलीत तर तुमची फेरी त्यांच्याही उपयोगाची होते.

कधी जायचं

लावणीचा हंगाम आधी विचारून घ्या. जुलै-ऑगस्टचा आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास रानात असतो, गट तोवर टिकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतली लावण, जिला 'सुरू' म्हणतात, ती साधारण बारा महिन्यांत तयार होते आणि शाळेच्या गटाला सोयीची पडते.

पहिली फेरी लावणीची : सरी, कांडी किंवा रोप, पाण्याची पाळी. दुसरी मोठ्या भरणीची, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवतात तेव्हाची, पाऊस लागायच्या आधी. तिसरी तोडीची, पुढच्या थंडीत. भर पावसाळ्यात नदीकाठच्या गाळाच्या रानात गट नेऊ नका, पाणी कधी चढेल सांगता येत नाही. पूर ओसरल्यावर मात्र एकदा जरूर जा. पाण्याखाली बसलेला ऊस कसा दिसतो आणि वास कसा येतो, हे बातम्यांत कळत नाही.

उसात शिरायचं तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हवेत. पात हाताला कापते आणि कूस, म्हणजे पानावरची बारीक लव, टोचते.

तोडीच्या दिवशी ऊसतोडीची टोळी भेटेल. यातले बरेच जण मराठवाड्यातून येतात, लहान मुलंही बरोबर असतात. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढायचे नाहीत, हे पोरांना बसमध्येच बजावून सांगा. आपल्या वयाचं पोर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करताना दिसलं की गटातली मुलं आपसूक प्रश्न विचारतात. ते टाळू नका.

गुऱ्हाळावर वेळ काढा

ही फेरी सगळ्यांत भरीव. दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. मालकाला आधी विचारून, आधण, म्हणजे रसाची एक खेप, चुलीवर नुकतं चढलेलं असताना पोचा, म्हणजे सुरुवातीपासून बघायला मिळतं.

घाण्यातून रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो. खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळतं. म्हणजे ज्या उसाचा रस काढला त्याच उसावर तो शिजतो, हे पोरांना स्वतः ओळखू द्या. जाळ सांभाळणारा जळव्या, आणि गुळाची सगळी मदार ज्याच्या नजरेवर असते तो गुळव्या. रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी, म्हणजे रसातला मळ, वर येते, ती काढून टाकतात. पुढं रस दाटतो. अलीकडं थांबलं तर काकवी, आणखी पुढं, साधारण ११८ अंश सेल्सिअसला, गूळ. गुळव्या थर्मामीटर बघत बसत नाही. थेंब पाण्यात टाकतो, त्याची गोळी होते का बघतो. मग काहील वाफ्यात ओतायची, घोटायचं आणि रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचे.

एका वेळी आठ-दहाच मुलं जवळ न्या, आणि काहिलीपासून चांगलं अंतर ठेवा. उकळता रस अंगावर उडाला तर चिकटून भाजतो.

इथंच रंगाचं बोलावं. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून त्यात रंग उजळणारी हायड्रॉस पावडर पडते. साधा गूळ तांबूस, काळपट निघाला की 'खराब दिसतोय' म्हणून आपणच बाजूला सारतो. पोरांना घरातल्या गुळाचे खडे आणायला सांगा आणि गुऱ्हाळावरच्या गुळाशेजारी ठेवा. दोष कुणाचा, यावर तिथंच चांगली वादावादी होते.

बाजार आणि हिशेब

शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात. त्यासाठी सकाळी लवकर जा, दहा-बाराच्या वर गट नको, हमालांच्या वाटेत उभं राहायचं नाही. जमलं तर आपल्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, वाचायला मागा. विक्रीची रक्कम वर आणि हातात पडलेली खाली, मधल्या ओळी पोरांनीच वाचाव्यात.

मग वहीत मांडणी. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो, तर ३० किलोच्या एका रव्याला ऊस किती लागला? तोच टन कारखान्याला घातला असता तर? २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, ठरवली. उतारा जास्त तर दर जास्त, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. आंदोलनं कशावरून पेटतात, हे इथं भाषण न देता कळतं. समोर शेतकऱ्याचा खर्च मांडा : बियाणं, खत, पाणीपट्टी, भांगलण. त्याच्या घरच्यांची मजुरी धरायची की नाही, हे गटानं ठरवावं. मी म्हणेन धरा, आणि न धरता काय होतं तेही शेजारच्या रकान्यात लिहा.

हा हिशेब वहीत ठेवू नका. गणेशोत्सवात तालमीच्या मांडवाशेजारी एक फलक लावा, वर एक रवा, खाली एकराचे आकडे. शेतकऱ्याची परवानगी घ्या आणि त्याचं नाव त्याला हवं असेल तरच टाका. फलकापाशी उभं राहून समजावायचं काम पोरांकडं द्या, त्यांच्या आजोबांच्या वयाची माणसं तिथं येऊन आकडे दुरुस्त करतात.

दुसऱ्या वर्षी नवीन गट आला तर त्याच रानात न्या. ऊस तोडला तरी बुडखा राहतो आणि त्यातून खोडवा फुटतो. नव्या गटानं खोडव्याचा खर्च आणि वजन मांडायचं, जुन्या गटानं लावणीचे आकडे शेजारी ठेवायचे. बियाण्याचा खर्च वाचला, पण टनेज घटलं का, हे शेतकऱ्याला विचारायच्या आधी दोन्ही गटांनी अंदाज लिहून ठेवावा.