बोअरचं जड पाणी घरात कसं सांभाळायचं

सांगली, मिरज, तासगावकडं काय आणि तिकडं साताऱ्याच्या माण-खटावात काय, बऱ्याच घरात दोन तऱ्हेचं पाणी असतं, एक नळाचं आणि एक बोअरचं. बोअरचं म्हणजे बादलीला पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली आणि साबणाला फेसच नाही. मग लोक थेट मशीन घ्यायला धावतात. माझं म्हणणं एवढंच की आधी क्षार जमतो कुठं ते बघा. पाणी तापतं तिथं आणि पाणी वाळतं तिथं. मग नळाचं चांगलं पाणी आहे ते गिझर, सोलर, स्वयंपाक आणि कपड्यांना द्या, बोअरचं संडास, अंगण धुवायला ठेवा. टाकी वेगळी करून प्लंबरकडून लाइन बदलून घेतली की निम्मा त्रास तिथंच मिटतो.

पाणी किती जड आहे ते कळायला अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा (डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो). फेस टिकला तर पाणी हलकं, दह्यासारखा साका झाला तर जड. टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, तो सगळेच विरघळलेले क्षार मोजतो, आणि जडपणा येतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळं. नीट आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. रिपोर्टमध्ये एकूण कठीणता (म्हणजे हाच जडपणा) बघा, पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालते.

आता गिझर. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवा, पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर पटापट धरतो, आणि एलिमेंटवर थर बसला की बिलही वाढतं आणि एलिमेंटही जळतं. वर्षातून एकदा माणूस बोलवून आतलं साफ करून घ्या, टाकी गंजू नये म्हणून आत असते ती मॅग्नेशियमची रॉडपण तेव्हाच बघायला सांगा. सोलर नवीन बसवणार असाल आणि बोअरशिवाय पर्याय नसेल तर तांब्याच्या नळ्यांच्या पॅनलपेक्षा काचेच्या ट्यूबवाला बरा, तांब्याच्या बारीक नळ्या क्षारानं लवकर चोंदतात.

किटली, स्टीलचं पातेलं यात थर असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, लिटरभर पाण्यात दोन चमचे टाकून गरम करा, अर्धा तास तसंच ठेवा, मग धुवा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे नको. नळाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली तरी मोकळी होते. पण हे एक नक्की लक्षात ठेवा, लिंबूसत्व, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड शहाबादी फरशीवर, कडाप्प्याच्या ओट्यावर सांडू देऊ नका, ते दगड चुनखडीचे असतात, डाग कायमचा राहतो. आणि ब्लीचिंग पावडरसोबत तर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

डाळ शिजत नसेल तर त्यातही दोष पाण्याचाच असू शकतो, नळाच्या पाण्यात भिजवा आणि शिजवा, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा टाका. पाणी उकळून निवळून घेतलं तरी थोडा जडपणा तळाशी बसतो, सगळा नाही. तुरटीनं गढूळपणा जातो, जडपणा जात नाही, हा गैरसमज आपल्याकडं फार आहे. कपड्यांना धुण्याचा सोडा आधी पाण्यात टाकून मग साबण घाला, साबण कमी लागतो.

एवढं करूनही भागत नसेल तर मग सॉफ्टनर. त्यात रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) असतं, ते कॅल्शियम धरून त्याजागी सोडियम सोडतं, आणि ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्यानं ते परत ताजं करावं लागतं, नुसतं बसवून विसरलं तर काही दिवसांनी पाणी परत तसंच जड येतं. पूर्ण घराला लावायची गरज नाही, बाथरूम आणि वॉशिंग मशीनच्या लाइनला पुरतं. रेझिन ताजं करताना बाहेर पडणारं मिठाचं पाणी झाडांना जाऊ देऊ नका. पिण्यापुरतं आरओ वेगळं, त्याचं वाया जाणारं पाणी संडासला वापरा, झाडांना तेही नको, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.