माळ्यावरचं दप्तर देण्याआधी

दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या ट्रंकेत कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. असे कागद अभिलेखागाराला, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेला, द्यायचे असतील तर आधी हात आवरा. तारखेप्रमाणे लावायचा मोह होतोच, पण कोणत्या पुडक्यात काय बांधलं होतं हीसुद्धा माहितीच असते. क्रम तसाच ठेवा. टाचण्या गंजलेल्या असतील तर अलगद काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन मात्र अजिबात नको. पुढे ते काढताना कागदच फाटतो.

मोडी वाचता येत नसेल तरी निदान सन काढून घ्या. ‘अर्बा अशर मयातैन व अलफ’ हा मंत्र नव्हे, अरबी आकडे आहेत: चार, दहा, दोनशे, हजार. म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरलेल्या शुहूर कालगणनेचा सन १२१४. त्यात ५९९ मिळवा, आणि कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६००. आला इसवी सन १८१३-१४.

पत्रातली ‘ताई’ कोण, ‘बापू’ कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आत्ताच विचारा. उत्तरं वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने लिहा. देताना यादीवर पोच घ्या.