स्टूलच्या स्मिअरला टीबीचं ॲसिड

झेडएन (झील-नील्सन, म्हणजे लाल रंग देऊन मग बाकीच्यांचा तो ॲसिडने काढायची पद्धत) तुम्हाला येतंच, ते शिकवत बसत नाही. मी कुठे तोंडावर आपटले तेवढं सांगते.

नोकरीचा दुसरा महिना. एचआयव्हीच्या पेशंटचं स्टूल आलं, महिनाभर जुलाब, वेट माउंटमध्ये (ओल्या थेंबाच्या साध्या स्लाइडमध्ये) काही नाही. मॉडिफाइड झेडएन, म्हणजे सौम्य ॲसिडचं झेडएन, लावलं आणि हाताला लागली ती ॲसिडची बाटली ओतली. ती टीबीच्या टेबलावरची, २५ टक्के सल्फ्युरिकची! स्लाइड छान निळीशार आली. ‘ऊसिस्ट दिसले नाहीत’, म्हणजे परजीवीची कवचबंद अवस्था नाही, असं मी लिहूनही दिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच नमुन्यातून १ टक्क्याच्या ॲसिडने स्लाइड केली आणि मला बोलावलं. निळ्यावर गुलाबी-लाल गोल ठिपके, एकेका फिल्डमध्ये सात-आठ. क्रिप्टोस्पोरिडियम, जुलाब करणारा परजीवी.

टीबीचा जंतू रंग घट्ट धरतो, ऊसिस्ट तेवढा धरत नाही. कडक ॲसिडने धुऊन जातो. म्हणून बाटलीवरचा टक्का वाचा. वाचलाय असं वाटलं तरी परत वाचा. आणि प्रत्येक बॅचला माहीत असलेली पॉझिटिव्ह स्लाइड सोबत लावा. मी ती लावली असती तर ती कोरी निघाल्यावर तिथेच कळलं असतं. ‘कंट्रोल कशाला, वेळ जातो’ म्हणणारे सीनिअर भेटतील. त्यांचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका.

उलटंही फसतं. स्मिअर जाड असला की ॲसिड आत पोचत नाही, मग यीस्टसुद्धा लाल राहतं. ‘बघून कळतं’ यावर माझा विश्वास नाही. आयपीसमधल्या मोजपट्टीने मोजा. क्रिप्टो ४ ते ६ मायक्रॉन, तसाच दुसरा परजीवी सायक्लोस्पोरा ८ ते १०. सायक्लोस्पोरा तर लहरीच, एकाच स्लाइडवर एक गडद लाल आणि शेजारचा बिनरंगी काचेसारखा. तिसरा, सिस्टोआयसोस्पोरा, लांबट आणि मोठा, त्याला घाबरू नका.

मायक्रोस्पोरिडिया या आणखी बारीक परजीवींचे बीजाणू मात्र वेगळं प्रकरण. आतड्यातला नेहमीचा जेमतेम दीड मायक्रॉनचा, बॅक्टेरियाएवढा. त्याला वेबरचा ट्रायक्रोम ही वेगळी रंगवायची पद्धत लागते. त्यात क्रोमोट्रोप हा लाल रंग नेहमीच्या ट्रायक्रोमच्या दहापट असतं आणि स्लाइड दीड तास बुडवून ठेवायची. अर्ध्या तासात उरकणारे व्हिडिओ बघू नका. ऑइल इमर्शन लेन्सखाली गुलाबी अंडाकृती कण दिसतो, काहींच्या पोटावर आडवी पट्टी. कॅल्कोफ्लुअर (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) सोपं वाटतं, पण त्यात यीस्टही तसंच चमकतं.

बीजाणूवरची ती आडवी पट्टी सुरुवातीला दिसणार नाही, घाबरू नका. मला अजूनही बऱ्याचदा दुसरी स्लाइड करावी लागते.