नदीच्या वाळूत धावण्याचा सराव कसा करावा

मराठवाड्यात समुद्र नाही आणि राजस्थानसारख्या वाळूच्या टेकड्याही नाहीत. परंतु गोदावरी, मांजरा, सिंदफणा, दुधना, पूर्णा या नद्यांच्या पात्रांत, उपशातून जिथे वाचली आहे तिथे, चांगली भरड वाळू आजही सापडते आणि काठालगत तिचे चढही असतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना गावोगाव दिसतात. त्यांपैकी जे नदीकाठी राहतात, त्यांच्यासाठी आणि वजन किंवा दम यांसाठी व्यायाम करू पाहणाऱ्या सर्वसामान्य माणसासाठीही, वाळू हे फुकटचे आणि उत्तम साधन आहे. अट एवढीच, की वाळूत धावणे म्हणजे रस्त्यावरचेच धावणे थोडे जड करून करणे, असे समजू नये.

टणक जमिनीवर पाऊल पडते तेव्हा पोटरी आणि टाचेच्या वरची जाड कंडरा ताणली जाते आणि पाऊल उचलताना त्या ताणातली बरीचशी शक्ती परत मिळते. वाळूत ही परतफेड फारच कमी होते, कारण पायाखालची वाळू सरकण्यातच शक्ती खर्च होते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये हा हिशेब मोजून मांडला. तेवढ्याच वेगाने वाळूत धावण्यास टणक पृष्ठभागाच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, तर वाळूत नुसते चालण्यास २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. चालण्याचा आकडा धावण्यापेक्षा मोठा आहे, हे लक्षात घेतले तर वाळूतले चालणे हाही पूर्ण व्यायाम आहे आणि सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे आहे, हे पटते. दुसरा निष्कर्ष असा, की वाळूत अंतर आणि वेग मोजण्यात अर्थ नाही. किती मिनिटे धावलो आणि दम कितपत लागला, एवढेच पाहावे.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. प्रशिक्षक पर्सी सेरुटी यांनी व्हिक्टोरिया राज्यातील पोर्टसी येथे आपल्या धावपटूंना समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर चढवून तयार केले. त्यांचा शिष्य हर्ब एलियट याने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक ३ मिनिटे ३५.६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकले. त्या यशाचे सारे श्रेय वाळूला देणे बरोबर होणार नाही. सेरुटींच्या सरावात वजने उचलण्यापासून आहारापर्यंत बरेच काही होते. तरीही चढावरची वाळू पावले आखूड करायला आणि गुडघे उचलायला भाग पाडते, आणि ते कोणी ओरडून सांगावे लागत नाही, हा तिचा गुण खराच आहे.

जागा निवडणे

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम जागेचे आहे, आणि आपल्याकडे त्यातच जास्त धोका आहे. पावसाळ्यात आणि धरणांतून विसर्ग सुरू असताना पात्रात पाय ठेवू नये. पैठणच्या जायकवाडी धरणाखाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे अनेक बंधारे असल्यामुळे कित्येक ठिकाणी पाणी हिवाळ्यातही तुंबलेले असते आणि वाळू फाल्गुन-चैत्रातच उघडी पडते. उन्हाळी आवर्तन सुटणार असेल तर त्याची माहिती गावात आधी असतेच. ती विचारून मगच नदीत उतरावे.

वाळू उपशाने पडलेले खड्डे हा दुसरा धोका. वरून उथळ वाटणाऱ्या अशा डोहांत दरवर्षी माणसे बुडतात, आणि खड्ड्यांच्या कडा आतून पोखरलेल्या असल्याने माणसाच्या वजनाने ढासळतात. खड्ड्याच्या कडेपासून चांगले अंतर ठेवावे. ट्रॅक्टर आणि हायवा ज्या वाटेने ये-जा करतात, ती वाट पहाटेच्या अंधारात टाळावी. ज्या पट्ट्यात धावायचे आहे, तो आदल्या संध्याकाळी उजेडात एकदा पायी फिरून पाहावा. फुटक्या बाटल्या, वेड्या बाभळीचे काटे, सराटे आणि वाळूखालचा गाळ तेव्हाच कळतो. एकट्याने जाऊ नये. मुलींनी तर गट करूनच जावे आणि घरी जागा व वेळ सांगून निघावे.

वाळूची परीक्षा मुठीत होते. मूठभर वाळू घट्ट दाबून सोडली आणि तिचा लाडू टिकला, तर ती ओलसर आणि धावायला भरीव आहे. बोटांतून सुळकन निसटली, तर ती कोरडी आणि मऊ आहे. नवख्याने पहिले काही आठवडे पाण्याच्या कडेची ओलसर वाळूच धरावी. मात्र ही कड बहुधा पाण्याकडे उतरती असते आणि एकाच दिशेने धावत राहिले की एका पायावर सतत जास्त भार पडतो. म्हणून जितके जाताना धावलो, तितकेच त्याच पट्ट्यावरून परत यावे.

गावाजवळ नदी नसेल तर तालुका क्रीडा संकुलातील लांब उडीचा खड्डा परवानगीने वापरता येतो. पाच-सात जणांनी मिळून स्वतःची पट्टीही करता येते: ५० फूट लांब, ४ फूट रुंद आणि ६ इंच खोल पट्टीला १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास वाळू लागते. वाळू रीतसर पावतीची घ्यावी. खडी फोडून केलेली कृत्रिम वाळू टोकदार असते आणि दबून घट्ट बसते, त्यामुळे ती यासाठी उपयोगाची नाही. नांगरलेल्या काळ्या रानात धावण्याचा सल्लाही काही जण देतात. ढेकळांवर घोटा मुरगळण्याची शक्यता पाहता तो मानू नये असे वाटते.

पायांची तयारी

वाळूत टाच खाली रुतते आणि टाचेवरची कंडरा रस्त्यापेक्षा अधिक ताणली जाते. म्हणून वाळूवर जाण्याच्या दोन आठवडे आधीपासून घरीच पोटऱ्या तयार कराव्यात. पायरीच्या कडेवर चवडे टेकून, भिंतीचा आधार घेऊन, टाचा सावकाश वर उचलाव्यात आणि त्याहून सावकाश पायरीच्या पातळीखाली न्याव्यात; १५ वेळा, असे ३ फेरे, एक दिवसाआड.

अनवाणी धावावे की बूट घालून, यावर वाद पुष्कळ आहे. अनवाणी धावल्याने तळव्याचे लहान स्नायू चांगले कामाला लागतात. पण आपल्या पात्रांतले काटे आणि काचा पाहता सुरुवात जुन्या, हलक्या बुटांनी आणि घोट्यापर्यंतच्या मोज्यांनी करणे बरे. नंतर पाहणी केलेल्या स्वच्छ पट्ट्यावर दर वेळी शेवटची ५ मिनिटे अनवाणी चालावे आणि ती हळूहळू वाढवावीत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी धावू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नये.

प्रत्यक्ष सराव

आठवड्यातून दोनच दिवस वाळूला द्यावेत आणि त्या दोहोंत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. प्रत्येक वेळी आधी १० मिनिटे टणक जमिनीवर चालून व हळू धावून अंग गरम करावे. पहिले दोन आठवडे वाळूत फक्त २० मिनिटे झपझप चालावे. तिसऱ्या आठवड्यापासून १ मिनिट हळू धावणे आणि दीड मिनिट चालणे, असे ८ फेरे ओलसर वाळूवर घ्यावेत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चालण्याचा वेळ कमी करत सलग १५ मिनिटांपर्यंत यावे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जड होणे स्वाभाविक आहे. मात्र टाचेच्या वर टोचल्यासारखी कळ येत असेल, किंवा सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच दुखत असेल, तर ते दुखणे पूर्ण जाईपर्यंत वाळू बंद ठेवावी.

धावताना पावले आखूड आणि भरभर टाकावीत, गुडघे नेहमीपेक्षा थोडे वर उचलावेत, हात कोपरात वाकवून जोमाने हलवावेत आणि कमरेत न वाकता सबंध अंग किंचित पुढे झुकू द्यावे. चवड्याने वाळू मागे ढकलण्याचा मोह होतो, तो आवरावा. आपली पद्धत बरोबर आहे की नाही, हे पाहायला कोणी प्रशिक्षक लागत नाही, मागे वळून स्वतःच्या पावलांचे ठसे पाहिले तरी पुरते. ठसा सपाट आणि उथळ असेल तर ठीक. चवड्याच्या जागी खोल खळगा आणि त्यामागे उडालेल्या वाळूचा ढीग दिसला, तर पाय घसरतो आहे आणि शक्ती वाया जाते आहे. दमल्यावर ठसे असे खोल होऊ लागतात, तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक असली तरी थांबावे.

चढ सातव्या आठवड्यानंतर घ्यावेत. काठालगतचा २० ते ३० मीटर लांबीचा, खाली दगड नसलेला चढ निवडावा. उपशाने तुटलेली उभी दरड हा चढ नव्हे. नजर चार-पाच पावले पुढे ठेवून वर धावावे, वर पोचल्यावर श्वास सावरावा आणि तिरके, सावकाश चालत उतरावे. धावत उतरू नये, गुडघे आणि घोटे तिथेच दुखावतात. सुरुवातीला ४ चढ पुरे; पुढे दर आठवड्याला एक वाढवून ८ वर थांबावे.

वेळ पहाटेचीच ठेवावी. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि उघडी वाळू हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. सकाळी आठनंतर पात्रात राहू नये. परतल्यावर १ लिटर पाण्यात ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हवे तर लिंबू, असे पाणी घोट-घोट प्यावे. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला असावा. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी साध्या पाण्यावरच भागवावे.

भरती देणाऱ्यांसाठी

पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते, आणि ते सारे टणक मैदानावर. वाळूत धावणाऱ्याचे पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकते, आणि १०० मीटरच्या शर्यतीत नेमके हेच नको असते. म्हणून वाळूच्या दोन दिवसांखेरीज बाकीचा सराव मैदानावर घड्याळ लावूनच करावा, आणि चाचणीच्या तारखेआधी तीन आठवडे वाळूचे चढ, तर दोन आठवडे आधी वाळू पूर्णपणे बंद करावी. ज्या बुटांनी चाचणी द्यायची आहे, ते वाळूत कधीच वापरू नयेत, कारण कण शिरून त्यांचे आतले अस्तर झिजते आणि फोड नेमके शर्यतीच्या दिवशी येतात.